दहा देशांतील तरुणांचे आकडे आणि कोल्हापूरचा अकरावीचा वर्ग : तुलना करायची तर कशी?

रंकाळाकाठ (प्रश्न)

मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अकरावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयासाठी मुलांना प्रकल्प करावा लागतो आणि दरवर्षी प्लास्टिकच्या पिशव्या, रंकाळ्याचे पाणी व गणेशविसर्जन हे तीन विषय वेगवेगळ्या हस्ताक्षरांत माझ्या टेबलावर येऊन पडतात. जागतिक प्रश्नांविषयी निरनिराळ्या देशांतील तरुणांना काय वाटते, याची काही मोठी सर्वेक्षणे झालेली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न यंदा आमच्या मुलांना विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतर देशांच्या आकड्यांशेजारी मांडून पाहावीत, असे मनात आहे.

त्यासाठी वाचायला बसले तेव्हा दोन सर्वेक्षणांनी मला कोड्यात टाकले. पहिले ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, फिनलंड, फ्रान्स, भारत, नायजेरिया, फिलिपीन्स, पोर्तुगाल, ब्रिटन आणि अमेरिका या दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या प्रत्येकी १,००० जणांना त्यात हवामानबदलाविषयी विचारले होते. आपल्याला खूप किंवा अतिशय चिंता वाटते, असे सांगणारे एकूण ५९ टक्के होते. फिलिपीन्समध्ये हे प्रमाण ८४ टक्के, भारतात ६८, अमेरिकेत ४६ आणि फिनलंडमध्ये ४४. या भावनांचा खाणे, झोप, अभ्यास, काम अशा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असे म्हणणारे भारतात ७४ टक्के निघाले.

दुसरे सर्वेक्षण जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने २०१९ मध्ये नऊ देशांतील १७ ते १९ वयाच्या मुलामुलींचे केले. आपण आपला देश किंवा समाज बदलू शकतो असे वाटते का, या प्रश्नाला भारतातून ८३.४ टक्के होकार आले आणि जपानमधून अवघे १८.३ टक्के.

एकाच देशातील, जवळजवळ एकाच वयाची मुले एकीकडे चिंतेने झोप उडालेली आणि दुसरीकडे देश बदलण्याची खात्री बाळगणारी, हे दोन्ही एकदम खरे असू शकते का? माझा वर्ग मी रोज पाहते आणि या दोन चित्रांपैकी एकही मला त्यात नीट ओळखता येत नाही. आमच्या शिक्षककक्षातील एक सहकारी म्हणतात की असली सर्वेक्षणे वर्तमानपत्राचा रिकामा कोपरा भरण्यापुरतीच असतात. मला तसे वाटत नाही. पण हे आकडे मुलांसमोर ठेवले तर ती ताबडतोब आपला नंबर कितवा, हे शोधू लागतील आणि प्रकल्प तिथेच संपेल, अशी भीती मात्र वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शाहूपुरी संख्याशास्त्र

मॅडम, प्रकल्प जरूर करा. फक्त देशांचे शेकडे एकाखाली एक लिहून क्रमवारी लावू नका. संख्याशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे कोणताही शेकडा दिसला की सवयीने पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की उत्तर दिले कोणी?

लॅन्सेटमधले सर्वेक्षण ऑनलाइन झाले आणि भारत, फिलिपीन्स व नायजेरिया येथे प्रश्नावली इंग्रजीत होती. आपल्याकडच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३.३ टक्के आणि पुरुषांपैकी ५७.१ टक्के जणांनी कधीतरी इंटरनेट वापरलेले होते. तेव्हा त्या तक्त्यातील फिनलंडच्या रकान्यात साधारणपणे त्या देशातील सर्व थरांची तरुण मंडळी आहेत, असे मानायला हरकत नाही. पण भारताच्या रकान्यात फोनवर इंग्रजी प्रश्नावली सोडवू शकणारा आपल्या तरुणाईचा एक अरुंद पट्टा तेवढा आहे. गगनबावड्याहून एस.टी.ने येणारी तुमची विद्यार्थिनी त्या १,००० मध्ये असण्याचा संभव फारच कमी. रकाने सारख्याच रुंदीचे छापले जातात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. संशोधकांनी ही मर्यादा आपल्या लेखात लपवलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. ती गळते ती बातमी होताना.

दुसरी गोष्ट तारखेची. ही माहिती १८ मे ते ७ जून २०२१ या काळात गोळा झाली. त्या वेळी आपल्याकडे कोरोनाची दुसरी लाट होती आणि ऑक्सिजनच्या खाटा शोधण्यात घरेच्या घरे गुंतलेली होती. प्रश्न हवामानाविषयी असला तरी उत्तर देणारा माणूस त्या दिवसाचे सगळे मन घेऊन उत्तर देतो. ७४ टक्क्यांतला किती वाटा त्या दिवसांचा होता हे कोणीच वेगळे काढू शकणार नाही. पण तक्त्याखाली तारीख लिहिली नाही तर तो तक्ता अर्धाच राहतो.

आता तुमच्या कोड्याकडे येतो. निप्पॉन फाउंडेशनच्या सर्वेक्षणात एकूण सहा विधाने होती : मी स्वतःला प्रौढ समजतो, मी समाजाचा जबाबदार घटक आहे, मला भविष्याविषयी स्वप्ने आहेत, मी देश बदलू शकतो, माझ्या देशात सोडवावा असा प्रश्न मला दिसतो, आणि मी अशा प्रश्नांवर घरच्यांशी किंवा मित्रांशी बोलतो. या सहाही विधानांना भारतीय मुलांचे होकार ८० टक्क्यांच्या वर आहेत आणि सहाही विधानांत जपान सर्वांत खाली आहे. विधान कोणतेही असो, एक गट नेहमी वर आणि एक गट नेहमी खाली राहत असेल, तर त्या आकड्यांत मताबरोबर होकार देण्याची सवयही मिसळलेली असण्याची दाट शक्यता असते. ‘समजले का?’ असे विचारल्यावर आपल्या वर्गांतून येणारा एकमुखी होकार मी आयुष्यभर ऐकलेला आहे आणि त्याची किंमत परीक्षेत कळते.

यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे. ‘माझ्या प्रयत्नाने समाजात बदल होऊ शकतो’ हे विधान प्रश्नावलीच्या सुरुवातीला ठेवा आणि ‘माझ्यासारख्याने काहीही केले तरी फरक पडत नाही’ हे शेवटाकडे ठेवा. दोन्हींना ‘सहमत’ म्हणणारी मुले किती निघतात, ते मोजा. तो आकडा तुमच्या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा आकडा ठरू शकतो.

मग तुलना कशाची करायची? देशाच्या आतल्या फरकांची. युनिसेफ आणि जनमत चाचण्या घेणारी गॅलप संस्था यांनी २०२१ मध्ये २१ देशांत २१,००० हून अधिक लोकांना फोनवरून विचारले आणि प्रत्येक देशात १५ ते २४ वयाचे व ४० च्या पुढचे असे दोन गट घेतले. प्रत्येक पिढीगणिक जग अधिक चांगले होत आहे, असे मानणारे तरुणांत ५७ टक्के होते आणि वडीलधाऱ्यांत ३९ टक्के. होकार देण्याची सवय एका घरातील बाप आणि मुलगी यांच्यात बरीचशी सारखी असते, म्हणून दोघांतील अंतर काढले की ती सवय पुष्कळशी वजा होते आणि उरलेल्या अंतराची तुलना दुसऱ्या देशातील अंतराशी करण्यात अर्थ असतो. तुमच्या प्रत्येक मुलाने हीच प्रश्नावली घरातील चाळिशी ओलांडलेल्या एका माणसाकडून भरून आणली, तर हे काम कोल्हापुरातही होईल.

दोन प्रश्न जोडून वाचणे हा दुसरा मार्ग. लॅन्सेटमधल्या तक्त्यात हवामानाची खूप किंवा अतिशय चिंता वाटणारे नायजेरियात ५० टक्के आणि ब्रिटनमध्ये ४९ टक्के आहेत. क्रमवारी लावली तर हे दोन देश शेजारीशेजारी बसतील. पण त्या भावनेचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो असे सांगणारे नायजेरियात ६६ टक्के आहेत आणि ब्रिटनमध्ये २८. चिंता सारखी आणि तिची झळ इतकी वेगळी का, याची चर्चा एका तासिकेत संपणार नाही.

वयाचाही घोळ लक्षात ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत तरुण म्हणजे १५ ते २४, आपल्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ आणि आफ्रिकी युवा सनदेत १५ ते ३५. पदरी दोन मुले असलेला ३४ वर्षांचा माणूस आणि तुमची अकरावीची मुलगी एकाच शब्दाखाली येतात.

कुरुंदवाडकर

वरील प्रतिसाद उत्तम आहे. पण प्रश्नावलीत जे शब्द येतात त्यांच्यामागे मुलांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते, हे आधी पाहायला हवे, असे मला शिरोळ तालुक्यातला रहिवासी म्हणून वाटते.

आमच्याकडच्या मुलाला हवामानबदलाची किती चिंता वाटते, असे विचारले तर तो पाचापैकी कुठला तरी पर्याय निवडून मोकळा होईल. त्यालाच विचारा की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की घरात काय सुरू होते. मग तो थांबणार नाही. धान्य माळ्यावर कधी चढते, जनावरे कोणाच्या गोठ्यात न्यायची, ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर कोणता रस्ता आधी बंद होतो, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, आलमट्टीतून किती विसर्ग सुरू आहे, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. आज अकरावीत असलेली मुले २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्राथमिक शाळेत होती. त्या वेळी पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तीच पाळी आली.

याच मुलाला या पुराचे कारण विचारले तर तो पृथ्वीच्या तापमानापाशी जाणार नाही. तो धरणांच्या पाण्याचे नियोजन, पूररेषेतली बांधकामे आणि पुलांसाठी नदीपात्रात टाकलेले भराव यांच्याविषयी बोलेल. यात त्याचे अज्ञान आहे, असे मी मानत नाही, कारण या भागातील पुराच्या चर्चेत अतिवृष्टीइतकेच हे मुद्देही आहेत आणि दोष कोणाला द्यायचा हे त्याने रोजच्या अनुभवातून ठरवलेले आहे. मात्र फिनलंडच्या हेलसिंकीत बसून उत्तर देणाऱ्या मुलीच्या आणि याच्या चिंतेची वस्तू एकच आहे, असे धरून दोन शेकड्यांची वजाबाकी करणे मला पटत नाही.

म्हणून कोणतीही यादी दाखवण्याआधी एक मोकळा प्रश्न विचारावा : जगासमोरचा सर्वांत मोठा प्रश्न तुमच्या मते कोणता, आणि तो तुमच्या घरापर्यंत कसा पोहोचतो? दुसऱ्या अर्ध्या भागावर भर द्या. इचलकरंजीच्या मागावाल्यांच्या घरातील मुलगा सुताच्या दराविषयी लिहील, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वडील असलेली मुलगी अमेरिकेच्या आयातशुल्काविषयी लिहील, आणि आजरा-चंदगडकडचा मुलगा कदाचित शेतात येणाऱ्या हत्तींविषयी लिहील. या तिन्ही गोष्टी जागतिक आहेत आणि त्या कोणत्याच आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीतील पर्यायांत अशा रूपात सापडणार नाहीत.

स्टुटगार्टचा करवीरकर

मी मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. इथे शेल कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा तरुणांचा अभ्यास १९५३ पासून काही वर्षांच्या अंतराने होत आला आहे आणि त्यात १२ ते २५ वयाच्या मुलांना विचारले जाते. २०१९ च्या अहवालात भीती वाटणाऱ्या गोष्टींमध्ये पर्यावरणाचे प्रदूषण सर्वांत वर होते. ७१ टक्के मुलांनी ते सांगितले होते. शाळकरी मुले दर शुक्रवारी हवामानासाठी रस्त्यावर उतरत होती, तेच हे वर्ष. २०२४ च्या अहवालात पहिल्या स्थानी युरोपातील युद्धाची भीती आली, ८१ टक्क्यांवर. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता आणि इथल्या कित्येक वर्गांत युक्रेनमधून आलेली मुले शेजारी बसू लागली होती. हवामानाची काळजी नाहीशी झाली, असे मात्र नाही; तीही ६० टक्क्यांच्या वरच राहिली, फक्त तिच्यापुढे दुसरे काही येऊन उभे राहिले.

अमुक देशाचे तरुण असे आणि तमुक देशाचे तसे, हा शिक्का एका वर्षाच्या आकड्यावरून मारता येत नाही, हे मला या अहवालांच्या सवयीमुळे कळत गेले. तुमची प्रश्नावली एक शब्दही न बदलता पुढच्या वर्षीच्या आणि त्याच्या पुढच्या अकरावीला द्या. फिनलंडशी तुलना होवो न होवो, कोल्हापूरची कोल्हापूरशी तरी नीट होईल.

शाहूपुरीच्या सरांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. उत्तर देण्याच्या सवयीवर फार भार टाकू नये. १९९५ मध्ये चेन, ली आणि स्टीव्हन्सन यांनी जपानमधील सेंदाई, तैवानमधील तैपेई, अमेरिकेतील मिनियापोलिस आणि कॅनडातील अल्बर्टा येथील अकरावीच्याच मुलांची उत्तरे तपासली होती. पूर्व आशियातील मुले मधला पर्याय अधिक निवडतात आणि अमेरिकेतील मुले टोकाचा पर्याय अधिक निवडतात, हे त्यांना दिसले. पण हा फरक फार मोठा नव्हता आणि क्वचित अपवाद सोडता देशादेशांतील सरासरींच्या तुलनेवर त्याचा परिणाम होत नव्हता, असाही त्यांचा निष्कर्ष होता. जपानचे १८.३ आणि भारताचे ८३.४ यांच्यातील सगळी दरी सवयीने भरून निघेल, असे मला वाटत नाही. त्याच सर्वेक्षणात आपल्या देशाचे भवितव्य सुधारेल, असे मानणारे चीनमध्ये ९६.२ टक्के होते आणि जपानमध्ये ९.६ टक्के. चीनमधील मुलाने किती मोकळेपणाने उत्तर दिले असेल, ही शंका रास्त आहे. पण आईवडिलांच्या डोळ्यांदेखत शहरे उभी राहिलेला समाज आणि तीन दशके वाढ थबकलेला, म्हातारा होत चाललेला समाज यांतील मुलांनी भविष्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे, यात अस्वाभाविक काहीच नाही. भारतातील मुलांच्या होकारातही सवयीखाली काही खरी आशा असणारच.

जाता जाता एक सुचवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने माझ्या या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून गावाकडून मला जर्मन भाषेच्या वर्गांविषयी विचारणारे फोन येतात. ‘वयाच्या तिसाव्या वर्षी तुम्ही कुठे राहत असाल, असे वाटते?’ हा प्रश्न यादीत घाला. देशाच्या भवितव्याविषयीच्या उत्तराशेजारी तो ठेवला की पुष्कळ काही दिसेल.

बिंदू चौक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझा आक्षेप अधिक मुळाशी आहे. तरुणांना काय वाटते, हे प्रश्नावलीतून कळते, असे गृहीत धरूनच ही सगळी चर्चा चालली आहे.

बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते सरकारी नोकऱ्यांतील ३० टक्के आरक्षणाच्या प्रश्नावर, आणि ५ ऑगस्टला पंतप्रधानांना देश सोडावा लागला. केनियात त्याच वर्षी जूनमध्ये तरुणांनी करवाढीचे वित्त विधेयक मागे घ्यायला लावले. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील बंदीचे निमित्त झाले, मागे भ्रष्टाचाराचा राग होता, आणि दोन दिवसांत पंतप्रधानांनी राजीनामा दिला. बांगलादेश आणि केनिया हे दोन्ही देश वर उल्लेखलेल्या युनिसेफच्या २१ देशांत होते, आणि तिथल्या तरुणाईचा आशावाद त्या अहवालात टक्केवारीत मांडलेला होता. त्या टक्केवारीतून पुढचे काही दिसले का?

माझे म्हणणे असे की जागतिक प्रश्न कोणते याची यादी लंडन, न्यूयॉर्क किंवा टोकियोत तयार होते आणि आपल्या मुलांना तिच्यावर फक्त खुणा करायला सांगितले जाते. आमच्या भागातली पोरे पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावत असतात. त्यांचा जागतिक प्रश्न कोणता, हे त्यांना कोणी विचारले आहे?

शाहूपुरी संख्याशास्त्र

बिंदू चौक, यादी कोण बनवतो हा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि कुरुंदवाडकरांचा मोकळा प्रश्न त्यासाठीच आहे. पण आंदोलन कधी होईल हे सर्वेक्षणाने सांगावे, ही अपेक्षा चुकीची आहे. अमुक इतके लोक नाराज आहेत हे त्यातून कळू शकते. ठिणगी कोणत्या दिवशी पडेल, ते नाही. शिवाय रस्त्यावर येणारे तरुण हाही सर्वेक्षणासारखा एक नमुनाच आहे, आणि तोही निवडक : शहरातले, विद्यापीठाजवळचे, बहुतेक वेळा मुलगे. घरी राहिलेल्या मुलीचे मत मोजायला प्रश्नावलीच लागते.

तरुणांचे मत आणि कृती यांचा सांधा पाहायचा असेल तर मला प्रशांत महासागरातील वानुआटू या छोट्या बेटांच्या देशाचे उदाहरण अधिक बोलके वाटते. २०१९ मध्ये तिथल्या विद्यापीठातील कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यावा, अशी मोहीम सुरू केली. तिथल्या सरकारने ती उचलून धरली, २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचे मत मागवणारा ठराव संमत केला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगमधील न्यायालयाने आपले सल्लावजा मत दिले. ही यादी टोकियोत तयार झालेली नव्हती. समुद्राची पातळी ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनीच ती लिहिली. मॅडमच्या वर्गात निप्पॉनच्या तक्त्याबरोबर ही हकीकतही सांगावी.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. प्रकल्पाचा आराखडा आता असा करते आहे. पहिल्या पानावर फक्त कुरुंदवाडकरांचा मोकळा प्रश्न असेल आणि ते पान लिहून झाल्यावर काढून घेतले जाईल, म्हणजे पुढची यादी पाहून कोणी उत्तर बदलणार नाही. दुसऱ्या पानावर आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणांतील पाच-सहा प्रश्न, त्यांत उलटसुलट विधानांची जोडी आणि तिसाव्या वर्षाचा प्रश्न. दुसरी प्रत घरच्या मोठ्या माणसासाठी. पोलीस भरतीचा मुद्दाही मी सोडणार नाही. ज्या मुलांची भावंडे भरतीची तयारी करतात, त्यांनी त्यांच्याकडूनही एक प्रत भरून आणावी, असे सांगेन.

एक अडचण उरते. युनिसेफच्या त्याच अभ्यासात मानसिक त्रासासाठी कोणाची मदत घेणे चांगले, असे मानणारे तरुण २१ देशांत मिळून ८३ टक्के होते आणि भारतात फक्त ४१ टक्के. मन मोकळे करणे हेच ज्यांना फारसे योग्य वाटत नाही, त्यांनी ‘चिंतेमुळे माझ्या झोपेवर परिणाम होतो’ या विधानावर माझ्यासमोर, माझ्या वर्गात बसून खरे उत्तर द्यावे, ही अपेक्षा कितपत धरावी? आणि हे ४१ टक्के लॅन्सेटमधल्या ७४ टक्क्यांशी कसे जुळवायचे?

शाहूपुरी संख्याशास्त्र

जुळवायला जाऊच नका, मॅडम. ४१ हा फोनवरून घेतलेल्या, देशभराचे प्रतिनिधित्व करणाऱ्या नमुन्यातला आकडा आहे आणि ७४ हा इंग्रजीत ऑनलाइन उत्तर देणाऱ्यांतला. फोनवर पलीकडे माणूस असतो आणि बोलणाऱ्याच्या शेजारी घरातले कोणी बसलेले असू शकते. पडद्यावर खूण करताना कोणी पाहत नाही. शिवाय त्रास होतो का, हा एक प्रश्न आहे आणि त्रास झाल्यास मदत मागावी का, हा दुसरा. पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार देणारी मुले आपल्याकडे पुष्कळ असतील, आणि तीच तर काळजीची गोष्ट आहे. तुमच्या प्रश्नावलीत हे दोन्ही प्रश्न असू द्या आणि एकाच मुलाची दोन उत्तरे जोडीने वाचा.

नाव किंवा हजेरी क्रमांक लिहून घेऊ नका. हस्ताक्षर ओळखू येते, म्हणून दुसऱ्या पानावर खुणाच करायला लावा आणि कागद एका पेटीत टाकायला सांगा. पहिल्या पानाशी जोड ठेवायची असेल तर मुलाने स्वतःच ठरवलेली एखादी खूण किंवा आकडा दोन्ही पानांवर लिहावा. तीच खूण घरच्या प्रतीवरही चालेल.

वर्गात ८० मुले असतील आणि ती यादृच्छिक पद्धतीने निवडलेली असती, तर शेकड्यांतील चूक दोन्ही बाजूंना ११ अंकांपर्यंत गेली असती. १,००० जणांच्या नमुन्यात ती तीनच्या आसपास असते. तुमचा वर्ग तर निवडलेला नमुनाही नाही. तेव्हा ‘कोल्हापूरचे तरुण’ असा मथळा न देता महाविद्यालय, वर्ग आणि महिना लिहा.

कुरुंदवाडकर

गाव लिहून घ्यावे का, असा प्रश्न पुढे येईलच. लहान गावातून एकच मुलगी येत असेल तर गावाच्या नावाने ती ओळखू येते, मग पेटीचा उपयोग राहत नाही. तालुका पुरेसा आहे. त्यापुढे ‘२०१९ किंवा २०२१ मध्ये घरात पाणी आले होते का’ एवढे हो-नाही विचारा. नदीकाठची आणि डोंगराकडची मुले त्यावरून वेगळी काढता येतील. प्रश्नावली जुलैत भरून घेणार असाल तर त्या दिवशी बंधाऱ्यावरची पातळी किती होती, तेही वहीत टिपून ठेवा.